एक डिस्क, तीन सिस्टिम: पार्टिशनची ओळख आणि सुरक्षित ने-आण

कोल्हापुरात हार्ड डिस्क एका जागी फार काळ राहत नाही. शाहूपुरीतल्या स्टुडिओत लग्नाचं चित्रण विंडोजवर उतरवलं जातं, एडिटिंगसाठी ते राजारामपुरीत कुणाच्या तरी मॅकवर जातं आणि अल्बमसाठी तिसऱ्याच ठिकाणी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनला प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून मिळतो आणि जुना कंट्रोलर फॅटशिवाय दुसरा फॉरमॅट वाचत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सवर शिकणारी मुलं घरी विंडोज वापरतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरांनी यात आणखी एका प्रवासाची भर घातली: पाणी चढायच्या आत कॅबिनेट उघडून डिस्क काढायची आणि जो संगणक हाताशी असेल त्याला ती लावायची.

या ये-जा करण्यात डेटा उडाला की ‘डिस्क गेली’ म्हणून विषय संपवला जातो. डिस्क जातेही. पण पुष्कळदा ती धडधाकट असते. एका सिस्टिमने लिहिलेली पार्टिशनची ओळख दुसरीला पटलेली नसते, एवढंच. ही ओळख कुठे लिहिली जाते, ती कशी बदलत आली, सुरक्षित ने-आणीबद्दल जाणकारांची मतं कुठे फुटतात आणि मराठीत काम करणाऱ्यांसमोर कोणत्या अडचणी उरतात, याचा हा आढावा.

ओळख तीन जागी असते

पहिली जागा म्हणजे पार्टिशनचा तक्ता. डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या या नोंदीत कुठून कुठपर्यंत कोणतं पार्टिशन आहे ते लिहिलेलं असतं. त्याच तक्त्यात प्रत्येक पार्टिशनच्या प्रकाराची खूण असते. आत कोणत्या जातीची फाइल सिस्टिम असावी, हे तिच्यावरून समजायचं. ही दुसरी जागा. तिसरी जागा पार्टिशनच्या पोटात, प्रत्यक्ष फाइल सिस्टिममध्ये असते. तिथे माणसाने दिलेलं लेबल असतं आणि फॉरमॅट मारताना आपोआप तयार झालेला एक लांबलचक क्रमांकही असतो. लिनक्सवाले त्याला यूयूआयडी म्हणतात.

‘सी ड्राइव्ह’, ‘डी ड्राइव्ह’ ही या अर्थाने ओळख नव्हेच. ते अक्षर ज्या त्या विंडोजने आपल्यापुरतं ठरवलेलं असतं. कालची ‘ई’ आज दुसऱ्या संगणकावर ‘जी’ होते आणि मॅकला किंवा लिनक्सला ते अक्षर दिसतही नाही. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून महाराष्ट्राच्या एका पिढीला संगणकाची ओळख झाली ती विंडोजवर, त्यामुळे ‘डी ला टाक’ हे आपल्याकडे पत्त्यासारखं वापरलं जातं. पण डिस्क संगणकातून काढली की तो पत्ता संपतो.

तक्त्याचा प्रवास

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह पीसी एक्सटी बाजारात आणला. त्याच्याबरोबर आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने जो तक्ता रूढ केला तो एमबीआर. त्यात मुख्य पार्टिशनं चारच आणि प्रत्येकाच्या प्रकारासाठी जागा एकाच बाइटची. खुणा वाटून देणारी मध्यवर्ती संस्था नव्हती; ज्याने त्याने आपल्याला सोयीचा आकडा घेतला. त्यातून व्हायचे ते घोटाळे झाले. सोळा-आधारी मोजणीतला ८२ हा आकडा लिनक्सने स्वॅपसाठी, म्हणजे मेमरीला पूरक अशा तात्पुरत्या जागेसाठी, घेतला आणि इंटेल यंत्रांवरच्या सोलारिसनेही स्वतःसाठी घेतला. म्हणजे एखाद्या लिनक्स इन्स्टॉलरला सोलारिसचं भरलेलं पार्टिशन रिकामं स्वॅप वाटण्याचा धोका होता. सोलारिसने पुढे आकडा बदलला. ०७ तर आयबीएमच्या ओएस/२ची फाइल सिस्टिम, एनटीएफएस आणि एक्सफॅट या तिघांनी वापरला. या खुणेवरून आत नक्की काय आहे ते आजही सांगता येत नाही.

इतर घराणी आपापल्या वाटेने गेली. सन कंपनी आणि बीएसडीच्या जगात ‘डिस्क लेबल’ नावाचा स्वतंत्र तक्ता होता. पीसीवर बीएसडी टाकली की तो एमबीआरच्या एका पार्टिशनच्या आत जाऊन बसे, म्हणजे तक्त्याच्या आत तक्ता. ॲपलचाही स्वतःचा नकाशा होता. २००६ मध्ये मॅक इंटेलवर आल्यावर तो मागे पडला.

एमबीआरची खरी कोंडी क्षमतेने केली. ५१२ बाइटांचे सेक्टर आणि ३२ बिटांचा पत्ता धरला तर हिशेब दोन टेराबाइटच्या जरा पुढे जाऊन थांबतो. इंटेलच्या ईएफआय प्रकल्पातून आलेल्या जीपीटीने ती भिंत पाडली. नेहमीच्या मांडणीत १२८ पार्टिशनं, प्रकाराच्या खुणेसाठी १२८ बिटांचा क्रमांक, पार्टिशनच्या नावासाठी स्वतंत्र जागा आणि सगळ्या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटी. जुन्या सिस्टिमला डिस्क रिकामी वाटू नये म्हणून सुरुवातीला एक बनावट एमबीआरही ठेवला जातो. ‘ही जागा व्यापलेली आहे’ एवढंच तो सांगतो. ३२ बिटांची विंडोज एक्सपी जीपीटी डिस्कवरचा डेटा वाचू शकत नाही, पण या तजविजीमुळे तिला डिस्क निदान भरलेली दिसते. कारखान्यांत एक्सपीवर चालणारे संगणक अजून सापडतात, तिथे एवढाही आधार मोलाचा आहे.

जीपीटी आल्यावरही सुरुवातीची काही वर्षं एक मोठी चूक चालू राहिली. लिनक्सच्या साधनांनी स्वतःची वेगळी खूण न घेता मायक्रोसॉफ्टची ‘साधा डेटा’ ही खूण उसनी घेतली. अशी डिस्क विंडोजला लावली की तिला खूण आपली दिसे, आतली फाइल सिस्टिम मात्र अनोळखी. मग ती लगेच फॉरमॅट करायला विचारी. २०११च्या सुमारास जीडिस्क या साधनाचे लेखक रॉड स्मिथ आणि पार्टेड या दुसऱ्या साधनावर काम करणारे यांच्या पुढाकाराने लिनक्सच्या डेटासाठी स्वतंत्र खूण आली. त्याआधी तयार झालेल्या डिस्कांवर मात्र जुनी खूणच आहे आणि एखादी कपाटातून निघाली की तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

ओळखलं नाही म्हणजे रिकामं

माझ्या मते साऱ्या विषयाचं मर्म इथे आहे. अनोळखी डिस्क दिसल्यावर प्रत्येक सिस्टिम काय म्हणते ते पाहा. विंडोज म्हणते, ही ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. तक्ताच समजला नाही तर डिस्क मॅनेजमेंट ‘इनिशियलाइझ’ची खिडकी उघडून एमबीआर की जीपीटी असं विचारतं. मॅक सांगतो की डिस्क वाचता येत नाही आणि इनिशियलाइझ, इग्नोर, इजेक्ट अशी तीन बटणं पुढे करतो. ‘या डिस्कवर दुसऱ्या सिस्टिमचा डेटा असू शकेल’ हे त्या खिडकीत कुठेच लिहिलेलं नसतं. गिऱ्हाईक दारात उभं आहे, रविवारचं लग्न आहे आणि समोर ठळक बटण आहे. अशा वेळी बोट कुठे पडेल हे सांगायला नको.

ते बटण दाबलं तरी सगळं गेलं असं नसतं. इनिशियलाइझने सहसा फक्त तक्ता नव्याने लिहिला जातो. फाइली जागच्या जागी असतात. त्यावर पुढे काही लिहिलं नसेल तर टेस्टडिस्कसारखं मुक्त साधन जुन्या पार्टिशनच्या हद्दी शोधून तक्ता पुन्हा उभा करू शकतं. त्यामुळे अशा डिस्कवर नवीन काही कॉपी न करणं महत्त्वाचं. पुरात भिजलेल्या डिस्कचं प्रकरण निराळं. तिला वीजच देऊ नये. ते काम रिकव्हरीवाल्यांचं.

डेटा शाबूत असून डिस्क कोरी दिसण्याचा आणखी एक प्रकार आहे. मोठ्या डिस्कांसाठीच्या काही यूएसबी डब्यांतलं सर्किट संगणकाला ५१२ऐवजी ४,०९६ बाइटांचे सेक्टर दाखवतं. तक्त्यातले सगळे आकडे मग त्या मापात लिहिले जातात. डबा बिघडला म्हणून डिस्क बाहेर काढून थेट साटा केबलला लावली की माप बदलतं, प्रत्येक पत्ता आठपट चुकतो आणि पार्टिशन नाहीसं झाल्यासारखं दिसतं. तसलाच दुसरा डबा मिळाला की बहुधा सगळं जागेवर दिसतं. आधी डबा बदलून पाहावा, रिकव्हरीचा विचार त्यानंतर करावा.

कोणत्या फॉरमॅटवर न्यायचं?

इथे तीन मतं आहेत आणि तिन्हींना आधार आहे.

पहिलं मत एक्सफॅटच्या बाजूचं. फॅट ३२ सगळीकडे चालतं, पण त्यात एक फाइल ४ गिगाबाइटच्या पुढे जात नाही. लग्नाच्या सलग चित्रणाला ती मर्यादा सहज आडवी येते. एक्सफॅटला ती अडचण नाही. मायक्रोसॉफ्टने ते २००६ मध्ये आणलं, मॅकने २०१० पासून स्वीकारलं. लिनक्सची वाट पेटंटमुळे अडली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा आराखडा खुला केला आणि २०२० मध्ये कर्नल ५.७मध्ये सॅमसंगने लिहिलेला पक्का ड्रायव्हर आला. तिन्ही सिस्टिमांना जन्मजात लिहिता-वाचता येणारा मोठ्या फाइलींचा फॉरमॅट आज हाच. त्याची कमजोरी म्हणजे त्याला जर्नल नाही. लिहिता लिहिता केबल निघाली तर अर्धवट राहिलेलं काम कसं सावरायचं याची नोंद त्याच्याकडे नसते. मॅकवर याचा एक फसवा परिणाम दिसतो. अर्धवट काढलेली एक्सफॅट डिस्क लावली की मॅक पडद्यामागे तिची तपासणी सुरू करतो, ती बराच वेळ चालते आणि तोवर डिस्क दिसत नाही. डिस्क मेली असं समजून तिथेच ती फॉरमॅट करणारे लोक आहेत.

दुसरं मत एनटीएफएसचं. जिथे बहुतेक संगणक विंडोजचे आणि एखादाच लिनक्सचा, अशा ऑफिसांत ते पटण्यासारखं आहे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या या फॉरमॅटला जर्नल आहे. लिनक्सवर एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर २००७ पासून भरवशाने लिहितो आणि २०२१ मध्ये पॅरागॉन कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला. मॅक मात्र आपण होऊन एनटीएफएस फक्त वाचतो. शिवाय विंडोज ८ पासून आलेलं ‘फास्ट स्टार्टअप’ इथे अडचण करतं. नेहमीचं शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून झोपते. अशा संगणकातली डिस्क काढून लिनक्सला लावली तर लिनक्स तिच्यावर लिहायला नकार देतो किंवा ती केवळ वाचण्यापुरती उघडतो. पुष्कळांना हा लिनक्सचा हट्ट वाटतो, पण तो नकार रास्त आहे. तिथे जबरदस्तीने लिहिलं तर विंडोज पुन्हा जागी झाल्यावर आठवणीतल्या जुन्या स्थितीवरून काम पुढे नेईल आणि दोन्ही बाजूंचं नुकसान होईल. फास्ट स्टार्टअप बंद ठेवणं किंवा शिफ्ट दाबून शट डाउन करणं, हा उपाय सोपा आहे.

तिसरं मत सांगतं, डिस्क हलवूच नका, फाइली हलवा. डिस्क आपल्या सिस्टिमच्या मूळ फॉरमॅटमध्ये राहू द्या, म्हणजे लिनक्सची एक्स्ट४ आणि मॅकची एपीएफएस, आणि देवाणघेवाण नेटवर्कवरून करा. तत्त्व म्हणून हे सर्वांत निर्धोक, आणि एका ऑफिसच्या चार भिंतींत सहज जमणारं. गावाबाहेर मात्र हिशेब बदलतो. ४० मेगाबिटच्या अपलोडने एक टेराबाइट पुण्याला पाठवायचा म्हटलं तर लाइन एकदाही न तुटता ५५ तास लागतात. डिस्क पार्सलने एका रात्रीत पोचते. म्हणून ती फिरतच राहणार, हे धरूनच विचार करावा लागतो.

नाव कुणासाठी?

पार्टिशन कशाने ओळखावं, यावर लिनक्सच्या जगात बराच खल झाला. पूर्वी डिस्क ज्या क्रमाने सापडेल त्यावरून तिचं नाव ठरे. २००७च्या सुमारास डिस्कांच्या नावांची पद्धत बदलली आणि जुन्या नावांवर विसंबलेल्या सिस्टिमा सुरू होईनात. लेबल वापरा, असा एक पर्याय होता. पण रेड हॅटचा इन्स्टॉलर मूळ पार्टिशनला सर्वत्र एकच लेबल देत असे. तशा दोन डिस्क एका संगणकात आल्या की कोणती खरी हे त्याला कळेना. म्हणून यूयूआयडी रूढ झाला. त्यालाही मर्यादा आहे: क्लोन केलेल्या डिस्कवर क्रमांकही क्लोन होतो. तशी जोडी दिसली की लिनक्सची एक्सएफएस ही फाइल सिस्टिम दुसरी उघडत नाही. विंडोजही स्वाक्षरी जुळते म्हणून एक डिस्क ‘ऑफलाइन’ ठेवते.

यंत्रासाठी क्रमांक आणि माणसासाठी नाव, अशी विभागणी आता बहुतेकांना मान्य आहे. पण माणसाच्या नावाकडे दुर्लक्षच होतं. एकाच स्टुडिओत तीन-तीन डिस्कांचं नाव ‘न्यू व्हॉल्यूम’ असतं. लिनक्सला आणि मॅकला दोन सारखी नावं दिसली की ती नंतर लावलेल्या डिस्कच्या वाटेला (पाथला) एक आकडा जोडतात. म्हणजे कोणती डिस्क आधी लावली यावर वाट ठरते. ‘तिकडे नसलेलं इकडून पुसून टाक’ अशा पद्धतीने रोज बॅकअप घेणारी स्क्रिप्ट असेल आणि त्या दिवशी क्रम उलटला, तर रिकामी डिस्क भरलेलीची प्रत बनण्याऐवजी भरलेली रिकामीची प्रत बनते. वेगळं नाव द्यायला अर्धं मिनिट लागतं.

ते नाव मराठीत देता येतं का? याचं उत्तर फॉरमॅटगणिक वेगळं आहे. फॅट ३२च्या लेबलला ११ बाइट, तेही जुन्या कोड पेजमध्ये. तिथे देवनागरी बसत नाही. एक्सफॅटला ११ युनिकोड एकक मिळतात. ‘राजारामपुरी’ हे नाव काना, उकार, वेलांटी धरून नेमकं ११ एककांचं आहे, ते बरोबर मावतं. एनटीएफएसला ३२ आणि जीपीटीतल्या नावाला ३६ एकक आहेत, तिथे प्रश्नच येत नाही. एक्स्ट४मध्ये मात्र १६ बाइटांचीच जागा, आणि त्या मोजणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘कोल्हापूर’ला २७ बाइट लागतात, म्हणून ते बसत नाही. ‘करवीर’ला १५ लागतात, ते बसतं. एक्सएफएसच्या १२ बाइटांत ‘करवीर’ही नाही. तिन्हीकडे फिरणाऱ्या डिस्कला छोटं रोमी नाव द्यावं हा व्यवहारी सल्ला म्हणून बरोबर आहे. पण दोष लिपीचा नाही. जागा आखताना इंग्रजीचंच माप धरलं गेलं होतं.

फाइलींच्या नावांतही हीच गोष्ट पुढे येते आणि तिथे ती जास्त बोचते. विंडोजच्या फॉरमॅटमध्ये फाइलचं नाव २५५ एककांचं चालतं. एक्स्ट४मध्ये २५५ बाइटांचं, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं. विषय, तारीख, गाव, तालुका असं सगळं नावातच लिहिण्याची सरकारी आणि अभिलेखांच्या कामात सवय असते. अशी फाइल विंडोजवर नीट उघडते आणि लिनक्सवर कॉपी होताना नाव लांब म्हणून थांबते. शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर पुरालेखागार, १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर अशा संस्था असलेल्या या शहरात जुने कागद स्कॅन करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा ध्यानात ठेवावा.

दुसरा घोटाळा ‘ऱ’ चा. ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध, किंवा र आणि खालचा नुक्ता असं तोडून. मॅकची जुनी फाइल सिस्टिम, एचएफएस प्लस, नाव साठवताना ते तोडते. तिथून आलेल्या फाइली लिनक्सवर उतरवल्या की ‘जोतिबाच्या पायऱ्या’ नावाच्या दिसायला अगदी सारख्या दोन फाइली शेजारी येऊ शकतात आणि शोध एकीवरच थांबतो. नवी एपीएफएस नाव जसंच्या तसं ठेवते, पण आधीच तुटलेली नावं आपोआप जुळत नाहीत.

काढताना आणि लावताना

कॉपीची पट्टी शंभरावर गेली म्हणजे लिहून झालं, ही समजूत लिनक्सवर विशेष धोक्याची आहे. कितीतरी डेटा अजून मेमरीत असतो आणि डिस्कवर सावकाश उतरत असतो. विंडोज १० ने १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी मुळात ‘क्विक रिमूव्हल’ लावून ठेवलं, म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ची आता गरज नाही असं म्हणणारे आहेत. एकाच संगणकापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे. डिस्क तिन्ही सिस्टिमांत फिरते तेव्हा प्रत्येक वेळी इजेक्ट करणं हाच नियम ठेवावा.

वेळेचा फरक किरकोळ वाटतो, पण बॅकअपमध्ये तो नडतो. फॅट ३२ स्थानिक वेळ लिहितं. विंडोज संगणकाच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते तर लिनक्स ग्रीनिचची, म्हणून दोन्ही सिस्टिमा एकाच यंत्रावर असल्या की साडेपाच तासांचा फरक पडतो आणि बॅकअपच्या साधनाला सगळ्याच फाइली बदलल्यासारख्या दिसतात.

डिस्क महत्त्वाची असेल तर हलवण्याआधी तिच्या तक्त्याची प्रत वेगळीकडे ठेवता येते. लिनक्सवर एसजीडिस्क हे काम एका ओळीच्या आज्ञेत करतं आणि फाइल अगदी छोटी असते. आपल्याकडे हे क्वचितच कुणी करतं.

अजून न सुटलेलं

जर्नल असलेला आणि तिन्ही सिस्टिमांनी मनापासून स्वीकारलेला सामाईक फॉरमॅट अजून नाही. तो बनवणं तंत्रदृष्ट्या अशक्य नाही. पण प्रत्येक कंपनीचा स्वतःचा फॉरमॅट आहे आणि दुसऱ्याच्या फॉरमॅटमध्ये लिहिण्याची सोय देण्याची घाई कुणालाच नाही. विंडोज ११वर डब्ल्यूएसएल या लिनक्स चालवण्याच्या सोयीतून एक्स्ट४ची डिस्क उघडता येते, ही वाट चांगली आहे, पण ती जाणकारांपुरती. अनोळखी डिस्कसमोर येणाऱ्या त्या खिडकीची भाषा बदलण्याबद्दल तर फारशी चर्चाही होत नाही. माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा तीच ठरेल.

सर्वांत अवघड प्रश्न एन्क्रिप्शनचा. नव्या विंडोज संगणकांवर ते पुष्कळदा मालकाच्या नकळत चालू असतं. पुराच्या रात्री काढलेली डिस्क दुसऱ्या विंडोजला लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. मॅकला ती वाचताच येत नाही, लिनक्सला की मिळाल्यावर खास साधनाने. ती की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि ते खातं कधी काळी दुकानातल्या मुलाने स्वतःच्या मोबाइलवर उघडलेलं असतं. उलट बाजूने पाहिलं तर पेशंटचे रिपोर्ट किंवा गिऱ्हाइकांचे आधार तपशील असलेली डिस्क उघडी फिरवणं २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर कुणालाच परवडणारं नाही. व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं साधन तिन्हीकडे चालतं, पण प्रत्येक संगणकावर ते आधी टाकावं लागतं, आणि ते नसलेल्या विंडोजला अशी डिस्क लावली की ती पुन्हा फॉरमॅट करायलाच विचारते.